माझी नडगी आणि भाचीची हाडं

पाय मोडला तेव्हा आवाज आला. शेवग्याची वाळकी फांदी मोडावी तसा, कट्ट. दुखणं नंतर आलं. मधल्या त्या दोनचार क्षणांत काहीच नव्हतं. मी आपल्या पायाकडं बघत होतो आणि डावं पाऊल भलत्याच दिशेला तोंड करून बसलं होतं.

आषाढ होता. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यातली पाळी सुटून मी येळ्ळूरला गावी घरी चाललो होतो. शिवारात भाताची लावणी जोरात. ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येताना चाकांबरोबर अर्धं शेत घेऊन येतो, आणि वर पाऊस पडला की त्या चिखलाचं लोणी होतं. माझी दुचाकी आडवी झाली. डावा पाय तिच्याखाली अडकून जागच्या जागी राहिला आणि वरचा मी मात्र गर्रकन फिरलो. पुढचं सगळं रामायण त्या फिरण्यातून झालं.

मी टर्नर. लेथवर २३ वर्षं काढली. तुटलेला जॉब हातात घेऊन तो कसा तुटला हे सांगायची आम्हाला सवय असते. शाळेतला खडू दोन्ही टोकांना धरून वाकवला तर आडवा मोडतो. तोच खडू पिळला तर मळसूत्रासारखा तिरका मोडतो, साधारण ४५ अंशांत. बिडाची दांडी पिळली तरी तसंच. म्हणून चिखलात पडल्या पडल्या मला वाटलं, हे पिळून मोडलंय. एक्स-रे नंतर निघाला, निदान माझं आधी झालं होतं. त्या बुद्धीचा तिथं काही उपयोग नव्हता, बोंब मारायची ती मी मारलीच.

लावणीतली माणसं धावत आली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझा पाय कुणालाच ओढू दिला नाही. दोन बांबूच्या कामट्या मागवल्या, मध्ये पोतं दुमडून घातलं आणि गुडघ्याच्या वरपासून टाचेच्या खालपर्यंत टॉवेलनं बांधून टाकलं. मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही हलता कामा नयेत, हा नियम दवाखान्यात गेल्यावर कळला. म्हातारा तो वापरून मोकळा झाला होता.

तिथंच वाद सुरू झाला. निम्म्यांचं म्हणणं, हाडवैद्याकडं न्यावं. पट्ट्या बांधेल, अंड्याच्या बलकात काहीबाही कालवून लेप लावेल, सव्वा महिन्यात चालायला लागेल. कांडवेलीला आमच्याकडं हाडसांधी म्हणतात, तिची आठवणही कुणीतरी काढली. मला माझ्या वडिलांचं मनगट आठवलं. तेही असंच बांधलं होतं. जुळलं, पण वाकडं जुळलं. बाजूनं बघितलं की जेवणाच्या काट्यासारखा बाक दिसायचा, आणि शेवटपर्यंत त्यांना त्या हातानं पाण्याची कळशी तिरपी करता आली नाही. हाडाला जुळायचं कळतं, सरळ जुळायचं कळत नाही. मी म्हटलं, बेळगावात न्या.

दवाखान्यातला फॉर्म कन्नडमध्ये, तो माझ्या मेव्हण्यानं भरला. दोन एक्स-रे काढले, एक समोरून, एक बाजूनं. एकाच बाजूनं काढला तर मोड लपून राहू शकते, हे मला सांगावं लागलं नाही. ड्रॉइंगला एकच व्ह्यू कोण देतं? डॉक्टर धारवाडकडचे. मराठी बोलायचे, पण क्रियापदाशी येऊन अडखळायचे. फिल्म उजेडावर धरून म्हणाले, "स्पायरल." मी म्हटलं, "पिळून." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काम काय करता?" सांगितलं. "मग तुम्हाला सांगायला सोपं आहे," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडं असतात. पुढचं जाड ते नडगी, टिबिया. बाहेरच्या बाजूचं छडीसारखं बारीक ते फिब्युला. अंगाचं ओझं जवळजवळ सगळं नडगी पेलते, बारीक हाडाच्या वाट्याला साधारण दहावा हिस्सा येतो. माझी नडगी खालच्या तिसऱ्या भागात मोडली होती आणि बारीक हाड मात्र वर, गुडघ्याच्या खाली. पीळ एका टोकाकडून शिरला आणि दुसऱ्या टोकाकडून बाहेर पडला होता. "बारीक हाडाचं काय करायचं?" मी विचारलं. "काही नाही. त्याचं तो बघून घेईल," डॉक्टर म्हणाले.

नडगीची खालची बाजू मात्र वाईट. तिथं हाडावर मांस नाही, आतल्या अंगाला तर नुसती कातडी. मांस नाही म्हणजे रक्ताचा पुरवठाही बेताचा. मांडीचं हाड मांसात बुडालेलं असतं, त्याची जुळणी तुलनेनं बिनघोर. लहानपणी पलंगाची दांडी नडगीला लागली की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, त्याचं कारणही हेच. हाडावरच्या पातळ वेष्टणात नसा ठासून भरलेल्या असतात, आणि तिथं ते वेष्टण उघड्यावरच पडलेलं.

ऑपरेशन दोन दिवसांनी ठरलं, सूज उतरायला हवी होती. ते दोन दिवस नर्स तासातासाला यायची आणि पायाची बोटं हलवायला लावायची. स्वतःही ती वरखाली करून बघायची, दुखतंय काय ते विचारायची. पोटरीतली सूज आतल्या आत कोंडली तर मांस मरतं, आणि त्याची पहिली खूण म्हणजे बोट ताणल्यावर जीव जाईल असं दुखणं. मला तसं काही झालं नाही.

शेजारच्या खाटेवर सौंदत्तीकडचे एक आजोबा होते, खुबा मोडलेले. त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझं कन्नड कारखान्यातलं, म्हणजे शिव्या आणि मापं. हाडाला ते एलुबु म्हणायचे. रात्री झोप नाही म्हणून एकमेकांना म्हणी सांगत बसलो. मी म्हटलं, आमच्यात म्हणतात, जिभेला हाड नसतं. ते खुदकन हसले आणि म्हणाले, "एलुबिल्लद नालिगे." तीच म्हण. भाषेवरून आमच्या भागात इतकी वर्षं वाद चाललाय, पण जिभेला हाड नाही यावर दोन्हीकडं एकमत आहे.

ऑपरेशनला भूल कमरेखालचीच दिली, पाठीच्या मणक्यांच्या मधून सुई घालून. वरचा मी पूर्ण जागा. आडवा पडदा लावलेला, त्यामुळं दिसत काही नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं, आणि मला वाटलं आपण परत पाळीवर आलो. आधी ड्रिल. मग डॉक्टर नर्सला म्हणाले, "रीमर द्या."

मी दचकलो. रीमर हे आमचं हत्यार. ड्रिलनं पाडलेलं भोक आतून साफ आणि अचूक मापाचं करायला आम्ही ते वापरतो. इथं गुडघ्याच्या वाटीखालून नडगीच्या पोकळीत लांब तार सरकवलेली, आणि तारेवरून पोकळ रीमर फिरत आत चाललेला. "साडेआठ." "नऊ." "साडेनऊ." अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनं बोअर वाढवत. एका टप्प्यावर आवाज बदलला, गुळगुळीत घरघर जाऊन खरखर थरथर आली. टूल जास्त माल धरायला लागलं की लेथवर असाच आवाज येतो, त्याला आम्ही चॅटर म्हणतो. पडद्यापलीकडून डॉक्टर आपल्या ज्युनियरला सांगत होते, "ऐकलं काय चॅटर? आता कॉर्टेक्सला लागला." कॉर्टेक्स म्हणजे हाडाची कडक भिंत. चॅटर शब्दसुद्धा तोच.

मी पडल्या पडल्या विचारलं, "कितीचा नेल घालणार?" आत एकदम शांतता. मग डॉक्टर म्हणाले, "नऊचा." "आणि बोअर?" "दहा." म्हणजे एक मिलिमीटरचा क्लिअरन्स. मला बरं वाटलं. त्या टेबलावर माझ्या ओळखीचं दुसरं काही नव्हतंच.

नेल म्हणजे खिळा नव्हे, हातभर लांबीची पोकळ दांडी. हाडाच्या पोकळीत अशी दांडी घालायची पद्धत जर्मनीतले सर्जन गेरहार्ट क्युंचर यांनी १९४० च्या सुमारास रूढ केली. दांडीच्या दोन्ही टोकांना भोकं असतात, त्यांतून हाडापार आडवे स्क्रू जातात. तसं केलं नाही तर तिरकी मोड घसरून पाय आखूड होईल, नाहीतर पुन्हा फिरेल. वरचे स्क्रू जिग, म्हणजे भोकाची जागा दाखवणारा साचा, लावून चटकन बसतात. खाली जिगचा भरवसा नसतो, कारण आत जाताना नेल किंचित वाकतो. मग एक्स-रेचं सी-आर्म यंत्र फिरवून नेलमधलं भोक पडद्यावर पूर्ण गोल दिसेपर्यंत हलवायचं, आणि त्या गोलाच्या मध्यावर हातानं ड्रिल धरायचं. भोक लांबट दिसलं तर कोन चुकला. हे त्यांनी मला नंतर राउंडला आल्यावर सांगितलं. मी मनातल्या मनात हात जोडले. हातात धरलेल्या ड्रिलनं, न दिसणाऱ्या भोकात, रक्तात!

आठवड्याभरात घरी आलो. वॉकर, जमिनीला बोटं टेकवण्यापुरती परवानगी, आणि पलंग.

भाचीची गोष्ट इथून सुरू होते. माझ्या बहिणीची मुलगी, बहिणीचं सासर खानापूर तालुक्यातलं. ती बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या डॉक्टरकीच्या, पहिल्या वर्षाला, कॉलेज बेळगावात, म्हणून आमच्याकडं राहते. तिनं वरच्या वर्गातल्या मुलीकडून बोन सेट घेतला होता. म्हणजे खऱ्या माणसाची हाडं, कापडी पिशवीत. ती पिशवी माझ्या पलंगाखाली आहे हे माझ्या आईला केर काढताना कळलं.

"अगं, अस्थी नदीत सोडायच्या असतात! पलंगाखाली कोण ठेवतं?"

"आज्जी, अभ्यासाची हाडं आहेत की ती."

"कुणाची आहेत?"

त्यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. आईनं पिशवी गोठ्यात नेऊन ठेवायला लावली, म्हशीच्या वर, माळ्यावर. आठवडाभर भाची गोठ्यात बसून अभ्यास करत होती. मग एका संध्याकाळी तिनं आज्जीला आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगितली. बैलहोंगलला डॉ. बसवण्णेप्पा रामण्णवर म्हणून वैद्य होते. मरताना त्यांनी देहदान केलं आणि आपला देह आपल्या मुलानंच विद्यार्थ्यांसमोर उघडून शिकवावा अशी इच्छा ठेवली. मुलगा, डॉ. महांतेश, आयुर्वेद महाविद्यालयात शारीर, म्हणजे शरीररचना, शिकवणारे. २०१० साली त्यांनी बेळगावात वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं. आई काही बोलली नाही. भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी पिशवी घरात आली. पलंगाखाली मात्र नाही, देवघराच्या समोरच्या भिंतीला, खुंटीवर.

त्यानंतर माझी शाळा सुरू झाली. तिला पाठ करायला कुणीतरी ऐकणारा हवा होता आणि मी कुठं जाणार होतो? मोठ्या माणसात हाडं २०६. जन्मलेल्या बाळात तीनशेच्या आसपास, वाढत्या वयात त्यातली बरीच एकमेकांना जुळून जातात. त्या २०६ पैकी १०६ नुसत्या हातापायांच्या पंजांत: एका हाताच्या पंजात २७, एका पावलात २६. हे ऐकल्यावर मी स्वतःच्या हाताकडं बराच वेळ बघत बसलो. ज्या हातानं शेवटच्या शतांशापर्यंत कट घेतो त्यात २७ सुटे भाग आहेत आणि एकालाही मी कधी तेल दिलं नाही.

सुश्रुतानं ३०० हाडं सांगितलीत, चरकानं ३६०. तिला दोन्ही आणि वर २०६, असे तीन आकडे पाठ. मी म्हटलं, स्टोअरमध्ये स्टॉक असा तीन प्रकारे निघाला तर मालक घरी पाठवेल. ती म्हणाली, "मामा, मोजायची पद्धत वेगळी. त्यांनी दात धरलेत, कूर्चासुद्धा धरल्यात." सुश्रुताचे पाच प्रकार तिनं एका दमात म्हणून दाखवले: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. कपाल म्हणजे चपटी, रुचक दात, तरुण म्हणजे कूर्चा, वलय बरगडीसारखी वळलेली, आणि नलक म्हणजे लांब, नळीसारखी. नलक शब्दाला मी थांबवलं. आमच्याकडं मटणात पोरं ज्या नळीवरून भांडतात ती हीच की! आतला मगज चोखायचा आणि नळी ताटावर आपटायची. माझ्या नळीत आता मगजाच्या जागी नऊचा नेल होता.

त्यावरून मला भीती वाटली. हाडाच्या मगजात रक्त तयार होतं असं ऐकलं होतं. मग ती जागा नेलनं भरली तर माझं रक्त कमी पडणार काय? भाची हसली. मोठ्या माणसाच्या नडगीच्या नळीत पिवळा मगज असतो, म्हणजे बहुतेक चरबीच. तांबड्या पेशी करणारा लाल मगज कमरेच्या हाडांत, मणक्यांत, छातीच्या मधल्या पाटीत, बरगड्यांत, कवटीत. तिथं दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. एक पेशी साधारण १२० दिवस टिकते, म्हणून उत्पादन थांबवून चालतच नाही. तीन पाळ्या आणि अमावास्येची सुट्टीसुद्धा नाही.

अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, मोठ्या माणसात किलोभर. रक्तात राहतं ते चिमूटभर, पण त्या चिमटीवर हृदयाचा ठोका आणि स्नायूचं आखडणं चालतं. म्हणून रक्तात कमी पडलं की शरीर हाडातून उचलतं. घरात पैसे संपले की पेवातलं भात विकतात, तसं. पेव रिकामं झाल्याचं बाहेरून दिसत नाही. आईचा खांदा वाकलाय, उंची दोन बोटं कमी झालीय, ते मी वय म्हणून सोडून दिलं होतं. भाचीनं तिला तपासणीला नेलं. मणक्यांची हाडं विरळ झालेली निघाली. माझ्या पायापायी आईला औषध सुरू झालं.

तंबाखूचं सांगायला हवं. मी खातो. खात होतो. मावशीचं घर निपाणीला, तंबाखूच्या वखारींच्या वासात माझ्या सुट्ट्या गेल्या. विडीची तंबाखू म्हटली की निपाणी, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ती सोडा. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आखडवतं आणि नडगीच्या खालच्या भागाला आधीच रक्त कमी. मी भाचीशी वाद घातला, "त्यात चुना असतो की. चुना म्हणजे कॅल्शियम." ती म्हणाली, "मामा, मग नुसता चुना खावा." मी लपून मळत राहिलो. पलंगावर पडून माणूस आणखी काय करणार?

सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला. मोड अगदी पहिल्यासारखी स्वच्छ, टोकदार, मध्ये काळी रेघ. डॉक्टरांनी फिल्म बघितली, मग माझ्या दातांकडं बघितलं. बोलले काहीच नाहीत.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, नेल किती वर्षं टिकेल? ते म्हणाले, तुम्हीच सांगा. आणि मला उत्तर माहीत होतं. असा धातू सहसा एका दणक्यात मोडत नाही. रोज थोडा थोडा वाकून सरळ होत राहिला की एक दिवस साध्या ओझ्यानं तुटतो. फटीगनं गेलेले शाफ्ट मी शेकड्यानं बघितलेत, तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा असतात. पायातल्या नेलचंही तेच. हाड जुळलं नाही तर प्रत्येक पावलाचं ओझं नेलवर, आणि तो कधीतरी जाणार. "ही शर्यत आहे," डॉक्टर म्हणाले, "हाड आधी जुळतंय की नेल आधी तुटतोय." घरी येऊन मी डबी आईच्या हातात दिली. तिनं ती चुलीत टाकली, पितळी होती तरी.

मग आत काय चाललंय याची मला चटक लागली. भाची वाचायची, मी ऐकायचो. मोडल्या मोडल्या तिथं रक्त साचून गुठळी होते, ती फुकट जात नाही, तिच्यातच कामाची सुरुवात असते. दोन-तीन आठवड्यांत टोकांच्या मध्ये मऊ, कूर्चेसारखा जोड बनतो. मग त्यात खनिज भरत जाऊन कच्चं, ओबडधोबड हाड होतं. आणि सगळ्यात शेवटी, महिने-वर्षं, फिनिशिंग. हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्या, हाड घालणाऱ्या वेगळ्या. एक गट खरवडत पुढं जातो, मागून दुसरा भरत येतो. आणि हे मोडलेल्या जागेपुरतं नाही. धडधाकट माणसातसुद्धा दरवर्षी सांगाड्याचा जवळजवळ दहावा हिस्सा असा काढून नवा घातला जातो. पाळी चालू ठेवून मशीनचा बेड बदलायचा, असं हे काम आहे. कातडीला व्रण राहतो. हाडाचा जोड मात्र खरा हाडाचाच होतो, पुढं मोड कुठं होती हे फिल्मवर शोधावं लागतं.

एकदा तिनं कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. पाच-सहा दिवसांनी ते रबरासारखं वाकायला लागलं. आंबटानं खनिज विरघळलं, राहिले ते प्रथिनाचे धागे. दुसरं हाड चुलीत भाजलं, त्यातले धागे जळले आणि ते खडूसारखं चुरलं. स्लॅबमध्ये सळी ताण घेते, काँक्रीट दाब घेतं. इथं धागा सळीच्या जागी आणि खनिज काँक्रीटच्या.

आईनं पायाचा रस्सा सुरू केला होता. भाचीनं सांगितलं, त्या रश्श्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही, त्यापेक्षा नाचणी द्या, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मग नाचणीची आंबील आली, अंडी आली, सकाळचं ऊन आलं. रस्साही थांबला नाही. तो माझ्यासाठी नव्हताच, आईच्या समाधानासाठी होता, आणि चवीला बरा होता.

सुश्रुताचं एक वाक्य तिनं मुद्दाम वाचून दाखवलं: तरुणपणी मोडलेलं महिन्यात स्थिर होतं, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळात, म्हातारपणी तिप्पट. "तुम्ही मध्यम, मामा." मला दोन महिने कधीच उलटून गेले होते. मग कपाटशयन आलं: मांडी-नडगी मोडलेल्याला फळीवर झोपवून पाच खुंट्यांत पाय अडकवायचा, म्हणजे तो हलत नाही. मोडलेल्या जागी बांधायला वड, पिंपळ, पळस यांच्या साली आणि बांबू. लावणीतल्या म्हाताऱ्याच्या कामट्या मला आठवल्या.

बाराव्या आठवड्याच्या फिल्मवर मोडीच्या बाजूला धूर दिसला. कापूस पिंजून चिकटवावा तसा फिकट ढग. डॉक्टरांनी पेनाचं टोक त्यावर ठेवलं. "आलं. पण आळशी आहे. आता ओझं द्यायला लागेल." वरचा एक स्क्रू काढायचा, म्हणजे दोन टोकं एकमेकांवर किंचित दाबली जातील. मला ते उलटं वाटलं. जोड कच्चा असताना बोल्ट काढायचा? तेव्हा त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं मांडीच्या हाडाचं डोकं उभं कापून बघितलं, तर आतली जाळी विशिष्ट कमानींत मांडलेली. ते चित्र कार्ल कुलमान या इंजिनिअरनं बघितलं आणि तो म्हणाला, हे तर क्रेनमधल्या ताणाच्या रेघांसारखं आहे. पुढं १८९२ मध्ये युलियस वोल्फ यांनी नियमच मांडला: हाडावर जसं ओझं, तसं हाड घडतं. ओझं काढून घेतलं की ते विरघळायला लागतं. अंतराळवीरांची हाडं विरळ होतात ती यामुळंच. पलंगावर तीन महिने लोळणाऱ्या टर्नरचीही.

स्क्रू काढला. तो मी मागून घेतला. घरी व्हर्नियर लावून जाडी मोजली तर ४.९ मिलिमीटर. आटे सुंदर होते.

मग चालणं. पहिल्या दिवशी वजनकाट्यावर डावा पाय ठेवून २० किलो येईपर्यंत दाबायचं, तेवढंच ओझं चालताना द्यायचं. दर आठवड्याला दहा किलो वाढवायचं. पाय कसा दिसत होता ते सांगत नाही, पोटरी गायब झाली होती. पाचव्या महिन्यात काठी, सहाव्यात काठी सुटली. फिल्मवर तीन बाजूंनी पूल तयार झाले होते. आता मी आठ तास लेथवर उभा राहतो. पाऊस यायच्या आदल्या दिवशी पाय ठणकतो, आणि मांडी घालून बसलं की वाटीखाली, नेल घातला त्या जागी टोचतं. हरिपाठाला सगळे खाली, मी एकटा खुर्चीवर, त्यामुळं नवीन माणसं मलाच बुवा समजून नमस्कार करतात.

भाचीची तोंडी परीक्षा माझी काठी सुटली त्याच आठवड्यात आली. सहा महिने आम्ही नडगीच घोटली होती. रुंद टोक वर, पुढं उंचवटा, आतल्या घोट्याचं टोक आत, म्हणजे झाली डावी. माझ्या पायावर बोट ठेवून ठेवून तिनं ते पाठ केलं होतं. पिशवीतली नडगी आई स्वतः खुंटीवरून काढून द्यायची. एकदा ती तिनं स्वतःच्या पायाला लावून बघितलेली मी पाहिली. "माझ्यापेक्षा उंच होतं बिचारं," म्हणाली आणि पदरानं पुसून परत पिशवीत ठेवली.

संध्याकाळी भाची तोंड पाडून आली. परीक्षकांनी तिच्या हातात फिब्युला ठेवला होता. डावा की उजवा? तिला सांगता आलं नाही. मी माझा शेवटचा एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला, निदान आता तरी बघू म्हणून. गुडघ्याखालचं ते बारीक हाड कधीच जुळून गेलं होतं, आणि इतक्या महिन्यांत आम्ही दोघांनी त्याच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं.